दार कुठल्या बाजूला उघडतं

१
अग्निशमन सेवा दिन १४ एप्रिलला असतो. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेल्या अग्निशमन दलाच्या ६६ जणांचा जीव गेला. त्यांच्या स्मरणार्थ पुढचा आठवडा अग्निसुरक्षेचा. शाळांना १४ तारखेला आंबेडकर जयंतीची सुट्टी असते आणि आसपासचे दिवस वार्षिक परीक्षांचे. म्हणून शाळेने आगीचा सराव जूनमध्ये घ्यावा. वर्ग नवा असतो, जिना नवा असतो, आणि पोर्शन संपवायची घाई अजून सुरू झालेली नसते.

२
‘आग लागली तर काय करशील?’
‘पळेन.’
‘कुठे?’
तिसरीतली मुलगी वर्गाच्या मागच्या दाराकडे बघते. दाराला कपाट टेकवलेलं आहे.

३
डबवाली, हरियाणा, २३ डिसेंबर १९९५. शाळेचा वार्षिक समारंभ, वर कापडी मंडप. आग लागली आणि चारशेहून अधिक माणसं गेली. त्यांत बहुतेक मुलं आणि त्यांच्या आया.
कुंभकोणम, तमिळनाडू, १६ जुलै २००४. शाळेचं गवती छप्पर पेटलं. ९४ मुलं गेली.
दोन्ही ठिकाणी डोक्यावर पेट घेणारं छत होतं आणि बाहेर पडायची वाट अरुंद होती.
आपल्याकडे स्नेहसंमेलनं डिसेंबर-जानेवारीतच होतात. मंडपवाल्याशी पडद्यांच्या रंगावर चर्चा होते. बाहेर पडायच्या वाटा किती ठेवणार, हेही त्याच बैठकीत ठरावं. आणि वर्गाचं दार आत उघडतं की बाहेर, हा पालकसभेत विचारण्याजोगा प्रश्न आहे. घाबरलेली मुलं दारावर येऊन रेटतात, तेव्हा आत उघडणारं दार उघडत नाही.

४
२ ऑक्टोबर १९५७. दिल्लीच्या रामलीला मैदानावर पंडित नेहरू कार्यक्रमाला बसलेले असताना शामियान्याला आग लागली. हरिश्चंद्र मेहरा हा चौदा वर्षांचा स्काउट खांबावर चढला आणि त्याने आपल्या चाकूने जळता भाग कापून वेगळा केला. मुलांसाठीचे राष्ट्रीय शौर्य पुरस्कार या घटनेतून सुरू झाले.
त्याच्याकडे चाकू होता आणि तो वापरायचं शिक्षणही होतं.

५
मुंबई, परळ, २२ ऑगस्ट २०१८. क्रिस्टल टॉवर या इमारतीला सकाळी आग लागली. चार माणसं गेली. सोळाव्या मजल्यावर राहणाऱ्या झेन सदावर्ते या दहा वर्षांच्या मुलीने शेजाऱ्यांना कापडाचे तुकडे ओले करून नाकातोंडाला लावायला सांगितलं आणि सगळ्यांना शांत ठेवलं. हे तिने शाळेतल्या एका प्रकल्पात शिकलेलं होतं. पुढे तिलाही राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला.
आगीत धूर आधी मारतो. धूर वर जातो, म्हणून खाली वाकून, भिंतीच्या कडेने, रांगत बाहेर पडायचं. पाच वर्षांच्या मुलाला हे एका दुपारी शिकवता येतं. घरातल्या चादरीचा ‘धूर’ करा आणि त्याखालून रांगायला लावा.

६
भाजलं तर नळ. साध्या पाण्याची धार, वीस मिनिटं, घड्याळ बघून. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही, बटाट्याचा कीस नाही. आणि अंगठी, बांगडी, कडं आधी काढायचं, कारण नंतर सूज येते.

७
स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. हा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत साचतो. वास आला की रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या सताड उघड्या, सगळ्यांनी बाहेर. दिव्याचं किंवा पंख्याचं बटण लावायचं नाही, आणि चालू असेल तर बंदही करायचं नाही. ठिणगी दोन्ही वेळा पडते. बाहेर आल्यावर गॅसगळतीच्या मदतीसाठी १९०६ ला फोन.
सहावीतल्या एका मुलीने हे घरी जाऊन सांगितलं. आजी म्हणाली, ‘अगं बाई, आम्ही तर वास जावा म्हणून आधी पंखाच लावायचो.’ त्या घरात आता आजीच सगळ्या पाहुण्यांना हे सांगते.

८
मुलांना शिकवलेलं घरी पोचतं. मोठ्यांच्या व्याख्यानातलं क्वचित.

९
नाग, घोणस, फुरसं, मण्यार. आपल्याकडे सापाच्या विषाने होणारे बहुतेक मृत्यू या चौघांमुळे. नागाचा फणा आणि घोणशीचा फूत्कार मुलांना ठाऊक असतो. मण्यार मात्र रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि दात इतके बारीक की चावल्याचं कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात. घरचे म्हणतात, अपचन झालं असेल.
पावसाळ्यात मुलांना खाटेवर झोपवावं. खाट नसेल तर मच्छरदाणी, आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचलेल्या. रात्री उठताना आधी बॅटरी, मग पाऊल. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हात किंवा पाय न हलवता थेट दवाखाना. प्रतिविषाची लस सरकारी रुग्णालयात मिळते. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

१०
डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीला प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणातल्या लाल विंचवाने मुलं दगावायची. त्यांनी तिथेच, रुग्णांच्या खाटेशी बसून, अभ्यास केला. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर लागू पडतं हे जगाला त्यांनी दाखवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.
त्या अभ्यासाची आपल्याकडची बाजू सोपी आहे: बूट पायात घालण्याआधी झटकायचे, सरपणात हात घालण्याआधी काठीने हलवायचं.

११
जुन्नर, आंबेगाव, शिरूर. उसात बिबट्या जन्मतो, उसातच वाढतो. त्याच्यासाठी ऊस हेच रान. तिथल्या मुलांना शिकवलं जातं: संध्याकाळी एकटं नाही जायचं, मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणं लावून जायचं, बॅटरी हवी. उसाच्या कडेला शौचाला किंवा खेळायला खाली बसायचं नाही. खाली बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावराएवढं दिसतं. दिसलाच तर पाठ दाखवून पळायचं नाही.
हे सगळं पोरांनी पाळलं तरी ऊसतोडणीच्या टोळीतलं मूल झोपडीवजा कोपीतच झोपतं. कोपीला दार नसतं. ते बसवणं पोराच्या हातात नाही. कारखान्याच्या, ठेकेदाराच्या आणि आपल्या हातात आहे.

१२
शेततळं. आत गुळगुळीत प्लास्टिकचं अस्तर, चारी बाजूंनी उतार. पाणी कमी असलं तरी पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही. २०१६ नंतर ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून गावोगाव तळी झाली. दुष्काळी शिवारात ती हवीच होती. त्यांच्यासोबत कुंपण आणि दोरही हवा. चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोकाव्यात, प्रत्येक खुंटीला गाठी मारलेला जाड दोर बांधून पाण्यात सोडावा. खर्च फार नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधी गावातल्या सातवी-आठवीच्या मुलांनी शिक्षकांबरोबर एक फेरी मारावी आणि कुठल्या तळ्याला दोर नाही याची यादी ग्रामपंचायतीला द्यावी.

१३
पूर्वी पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून मुलांना विहिरीत सोडायचे. वर काठावर दोराचं टोक धरून कुणीतरी मोठं माणूस असायचं. भोपळा गेला, डबा गेला, विहिरीला कठडे आले, आणि काठावरचं मोठं माणूसही गेलं.

१४
मुरूड, जिल्हा रायगड, १ फेब्रुवारी २०१६. पुण्याहून कॉलेजची सहल आली होती. १४ विद्यार्थी बुडाले.
सहलीच्या पत्रकात जेवणाचा मेनू असतो. भरती-ओहोटीची वेळ असावी, आणि किनाऱ्यावर कुणाची शिट्टी झाली की पाण्याबाहेर यायचं, हेही असावं.

१५
बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारायची नाही. दोर, ओढणी, साडी, बांबू, झाकण लावलेला रिकामा कॅन. जे हाताशी असेल ते फेकायचं आणि ओरडून माणसं गोळा करायची. एकापाठोपाठ दोन भावंडं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. दुसरं पहिल्याला वाचवायला गेलेलं असतं. त्याच्या प्रेमात काही कमी नव्हतं. त्याला हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

१६
३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून दमलेली माणसं गाढ झोपेत. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाबं. साडेसात हजारांहून अधिक माणसं गेली.
२६ जानेवारी २००१, अंजार, कच्छ. प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकीत अरुंद गल्लीतून जाणारी १८५ मुलं आणि २० शिक्षक दोन्ही बाजूंच्या भिंतींखाली गेले.
वाकायचं, टेबलाखाली आडोसा घ्यायचा, टेबलाचा पाय घट्ट धरून ठेवायचा. हे मुलांना शिकवू या. धाब्याखाली आणि अरुंद गल्लीत ते पुरत नाही. घर कसं बांधायचं आणि प्रभातफेरी कुठल्या रस्त्याने न्यायची, हे मुलं ठरवत नाहीत.

१७
११ मार्च २०११, जपान. कामाइशी शहरातल्या शाळांमध्ये त्सुनामीचा सराव वर्षानुवर्षं झालेला होता. भूकंप थांबताच मोठी मुलं लहानांचे हात धरून उंचावर पळाली. त्या दिवशी शाळेत असलेली जवळपास तीन हजार मुलं वाचली.
त्याच दिवशी ओकावा प्राथमिक शाळेत मुलांना मैदानात रांगेने उभं केलं गेलं. मागे टेकडी होती. कुठे जायचं यावर मोठ्यांचं सुमारे पन्नास मिनिटं एकमत होईना. १०८ पैकी ७४ मुलं गेली. पालक कोर्टात गेले. शाळेची पूर्वतयारी अपुरी होती, म्हणून नगरपालिका आणि प्रांत सरकार जबाबदार, हा निकाल २०१९ मध्ये कायम झाला.
दोन्हीकडची मुलं शिस्तीचीच होती.

१८
वीज कडाडताना झाडाखाली थांबायचं नाही. मेमधल्या वळवाच्या पावसात मराठवाड्यात, विदर्भात शेतातली माणसं आणि गुरं याच आडोशाला जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नावाचं ॲप केलं आहे. आसपास वीज पडण्याची शक्यता ते सांगतं. घरातल्या ज्या फोनवर गेम आहे, त्यावर हेही असू शकतं. गुरं राखणाऱ्या मुलाकडे फोन नसतो. त्याला आकडे पुरतात: वीज दिसल्यापासून आवाजापर्यंत तीसच्या आत मोजून झालं, तर लगेच पक्क्या घरात.

१९
तारेवर अडकलेला पतंग सोडून द्यायचा. लोखंडी गज घेऊन गच्चीवर चढायचं नाही. तुटून पडलेल्या तारेजवळ जायचं नाही. लांब उभं राहायचं, इतरांना थांबवायचं, वीज कंपनीला १९१२ वर कळवायचं.
नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाची २०१७ पासून बंदी आहे. तरी संक्रांतीला तो मिळतो आणि दुचाकीवर जाणाऱ्यांचे गळे कापतो. सातवीतला एक मुलगा दुकानदाराला म्हणाला, ‘काका, साधा द्या. तो नको.’ दुकानदाराने आतली रिळं बाहेर काढलीच नाहीत. असे दहा मुलगे एका गल्लीत पुरतात.

२०
चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे. त्याहून लहान मूल मागे बसवलं तर त्याला चालकाशी बांधणारा पट्टा, हेल्मेट, आणि वेग ताशी चाळीसच्या आत. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभं राहून बघा: वडिलांच्या डोक्यावर हेल्मेट, पुढे उभ्या मुलाच्या डोक्यावर शाळेची टोपी.

२१
दहीहंडीच्या थरात चौदा वर्षांखालचा गोविंदा चढवायचा नाही, हा नियम २०१७ पासून आहे. सगळ्यात वरच्या थराला सगळ्यात हलका गोविंदा लागतो. मंडळाने तिथे मूल उभं करण्याऐवजी एक थर कमी करावा. आणि आईने नाही म्हणावं. ‘त्याची हौस आहे हो’ हे उत्तर नव्हे.

२२
जत्रा, वारी, सिंहस्थ. मुलाच्या खिशात चिठ्ठी: नाव, गाव, दोन फोन नंबर. चुकामूक झाली तर जिथे आहेस तिथेच थांब, ताई-दादांच्या मागे फिरू नको. गर्दी दाटली तर हात छातीसमोर, कोपर बाहेर, आणि लोंढ्याच्या कडेकडेने सरकायचं. चप्पल पडली तर वाकायचं नाही.
२००५ मध्ये मांढरदेवीच्या यात्रेत, २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर माणसं चेंगरून मेली. पुलावर काहीजण फक्त कामाला निघाले होते. गर्दीत कसं चालायचं हे शाळेत शिकवावं. मुंबईत ते रोजच लागतं.

२३
आईचा नंबर पाढ्यासारखा पाठ हवा. फोनमध्ये तो ‘मम्मी’ या नावाखाली आहे, आणि फोन हरवतो.

२४
‘अनोळखी माणसाशी बोलू नको.’ हे आपण सगळ्यांनी ऐकलं, सगळ्यांनी सांगितलं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचं लैंगिक शोषण झाल्याचं सांगितलं. शोषण करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले. आणि सांगणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्त.
म्हणजे अनोळखी माणसाची भीती घालून आपण मुलाला निम्म्याच धोक्याची कल्पना देतो, आणि तीही बहुधा फक्त मुलीला.

२५
‘काकांना पापी दे बघू.’
मूल आईच्या पदराआड.
‘असं नाही करायचं, काकांना वाईट वाटतं.’
शरीराच्या सुरक्षेचा पहिला धडा हाच असतो, आणि तो उलटा शिकवला जातो. नको म्हटलेलं चालत नाही, मोठ्यांना वाईट वाटणं जास्त महत्त्वाचं, असं मूल त्यातून शिकतं. लांबून नमस्कार पुरे. काकांना वाईट वाटलं तर वाटू दे. समजूतदार काका स्वतःच म्हणतील, ‘राहू दे वहिनी, नको म्हणतोय ना तो.’

२६
अंघोळ घालताना, डॉक्टरांकडे, आई समोर असताना: एवढं वगळता पोहण्याच्या कपड्याखाली झाकलेल्या भागांना कुणी हात लावायचा नाही, बघायचं नाही, दाखवायचं नाही, फोटो काढायचा नाही. चाइल्डलाइन या मुलांच्या मदतवाहिनीची ‘कोमल’ ही छोटी ॲनिमेशन फिल्म हेच दहा-बारा मिनिटांत सांगते. तिच्यातला माणूस शेजारचा आणि गोड बोलणारा आहे. मुंबईची ‘अर्पण’ ही संस्था २००६ पासून शाळांमध्ये हे शिक्षण देते, आणि पालकांना व शिक्षकांनाही वर्गात बसवते.
अवयवांची नावं मुलांना न लाजता सांगावीत. ज्याचं नाव घेता येत नाही, त्याबद्दल तक्रारही करता येत नाही.

२७
वाढदिवसाची भेट लपवायची असते ती वाढदिवसापर्यंत. ‘हे कधीच कुणाला सांगायचं नाही’ असं मोठं माणूस म्हणालं की तेच सगळ्यात आधी सांगायचं.

२८
एका शाळेत शुक्रवारी शेवटचा तास मुलींना कराटे. मुलगे तोपर्यंत मैदानावर क्रिकेट खेळतात.
बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या २०२४ मधल्या प्रकरणाची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मुलग्यांना लहानपणापासून शिकवण्याची गरज त्या सुनावण्यांत न्यायमूर्तींनीच बोलून दाखवली. शुक्रवारचा तोच तास मुलग्यांनाही द्यावा. दुसऱ्याच्या ‘नाही’चा मान कसा राखायचा, आणि आपल्यावर बेतलं तर न लाजता कुणाला सांगायचं.

२९
शाळेत ‘सखी सावित्री समिती’ असावी, असा शासन निर्णय २०२२ चा. तक्रारपेटीचा निर्णय त्याआधीचा. आपल्या शाळेत पेटी कुठे आहे ते बघून यावं. मुख्याध्यापकांच्या केबिनसमोर लावलेल्या पेटीत, सगळ्यांच्या देखत, कुठलं मूल चिठ्ठी टाकेल? ती मुलींच्या आणि मुलग्यांच्या स्वच्छतागृहांच्या वाटेवर हवी, आठवीच्या उंचीला नव्हे, पहिलीच्या उंचीला.

३०
पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ ला, बालदिनी, लागू झाला. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. ही शिक्षा मुलाला लागू नाही.
‘शाळेची बदनामी होईल’ या वाक्याला कायद्यात जागा नाही.

३१
मूल सांगतं ते एका वाक्यात, बहुधा दुसऱ्याच कुठल्या कामाच्या मधे. भांडी विसळताना, स्कूटरवर मागे बसून, दिवा मालवल्यावर. ‘मला त्या क्लासला नाही जायचं.’ ‘मला दादाबरोबर नाही झोपायचं.’
तेव्हा हातातलं काम थांबवावं. ‘का गं?’ एवढंच विचारावं आणि मधे बोलू नये. मग तीन वाक्यं: माझा तुझ्यावर विश्वास आहे. सांगितलंस ते फार चांगलं केलंस. यात तुझी काही चूक नाही.
‘तू आधी का नाही सांगितलंस?’ हे वाक्य गिळावं.

३२
१०९८. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आधाराने सुरू झालेली मुलांची मदतवाहिनी. दहा, नऊ, आठ. रस्त्यावरच्या मुलांनाही लक्षात राहावा असा नंबर. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू. आता ती सरकार चालवतं आणि ती ११२ या आपत्कालीन नंबरशी जोडलेली आहे.
हा नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो. घरी फ्रिजवर, दूधवाल्याच्या आणि गॅसवाल्याच्या नंबराशेजारी, तोही हवा.

३३
नववीतला मुलगा. ऑनलाइन गेममध्ये ओळख झाली, फोटो मागितले गेले, पाठवले, मग धमकी आली. त्याने घरी सांगितलं नाही. का, म्हणून विचारलं. तो म्हणाला, ‘बाबा फोन काढून घेतील.’
धमकी आली तर पैसे द्यायचे नाहीत, आणखी फोटो पाठवायचे नाहीत, संदेश पुसायचे नाहीत. स्क्रीनशॉट ठेवायचे, ब्लॉक करायचं, सायबर गुन्ह्यांच्या १९३० या नंबरला कळवायचं. हे त्याला सगळं माहीत होतं. शाळेत सायबर पोलीस येऊन सांगून गेले होते. अडलं होतं ते घरच्या त्या एका वाक्यापाशी.

३४
या सगळ्यासाठी वेगळा विषय, वेगळं पुस्तक, वेगळे गुण नकोत. परिसर अभ्यासाच्या तासाला आग, कवायतीच्या तासाला जिना उतरण्याचा सराव, भूगोलाच्या तासाला गावातली तळी आणि विहिरी, विज्ञानाच्या तासाला वीज आणि साप. प्रश्नपत्रिकेत ‘सुरक्षिततेचे पाच नियम लिहा’ असा प्रश्न घालून हे शिकवता येत नाही. हातापायांना करून बघायला हवं.

३५
आज संध्याकाळी घरातल्या मुलाला तीन गोष्टी विचारा: माझा नंबर सांग. घराबाहेर पडायची दुसरी वाट दाखव. आणि तुला कुणाची भीती वाटते का? तिसऱ्याचं उत्तर लगेच येणार नाही. तरी सांगून ठेवा, काहीही सांगितलंस तरी मी रागावणार नाही, फोनही काढून घेणार नाही. आणि ज्या दिवशी ते सांगेल, त्या दिवशी हा शब्द पाळा.